सरळ केलेला फोटो

ठिपकीनं सकाळी दुधाचा पेला नुसता बाजूला सारला, तेव्हा तिच्या आईनं ते फारसं मनावर घेतलं नाही. सात वर्षांची पोर. शाळा जिवावर आली की तिचं पोट बरोबर साडेसातला दुखायला लागायचं आणि शाळा भरून गेली की आपोआप थांबायचं. गालावरच्या तिळामुळे घरीदारी तिला ठिपकीच म्हणत, आणि ठिपकीच्या या दुखण्याला तिच्या आजीनं 'दप्तराचा आजार' असं नाव ठेवलं होतं.

"कुठे दुखतंय?"

ठिपकीनं बेंबीवर बोट ठेवलं. नेहमीसारखंच. फक्त आज ती रडत नव्हती. सोंग करताना ती भोकाड पसरायची आणि मधूनच बोटांच्या फटीतून बघायची. आज ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. हाक मारली तरी वळत नव्हती.

आईचा पाय दारातून निघेना. पण निघायला हवं होतं. ठिपकीचे बाबा मालवाहू बोटीवर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. घरात आजी, नात आणि ही. रस्त्याच्या टोकाला जो इस्पितळाचा पिवळा बंगला होता, त्यात तळमजल्यावर ही एक्स-रे काढायची. बारा वर्षं झाली होती. पेशंट त्याला फोटोच म्हणायचे, आणि हिला फोटोताई.

"आई, जरा लक्ष ठेवा हिच्यावर," चपला घालता घालता ती सासूबाईंना म्हणाली. "अकरापर्यंत उठली नाही तर घेऊनच या तिकडे."

"जा गं तू. शाळा भरली की बघ कशी उड्या मारते," सासूबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांचाही हात नातीच्या कपाळावर होता.

अकराला काही मिनिटं कमी असताना सासूबाई एक्स-रेच्या दारात उभ्या राहिल्या. सात वर्षांची मुलगी त्यांनी कडेवर आणली होती. जिना चढताना धाप लागते म्हणून कुरकुरणारी बाई, अख्खा रस्ता तिला घेऊन चालत आली होती.

"दोनदा उलटी झाली. आणि आता बेंबीत नाही म्हणते. इकडे म्हणते."

त्यांनी हात ठेवला तो ठिपकीच्या पोटाच्या डाव्या बाजूला, खाली, कमरेच्या हाडाजवळ.

फोटोताईचा श्वास अडकला आणि दुसऱ्याच क्षणी सुटला. कारण बेंबीत सुरू होऊन खाली सरकणारं दुखणं म्हटलं की या इमारतीत कुणाच्याही मनात एकच शब्द यायचा: अपेंडिक्स. मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला लोंबणारी, करंगळीपेक्षाही बारीक शेपटी. असून उपयोग नाही म्हणतात, आणि सुजून फुटली की पोटभर विष पसरवते. पण ती शेपटी असते उजवीकडे. हे दुखत होतं डावीकडे. बरं झालं, असं ती मनात म्हणाली. पुढे कितीतरी दिवस तिला ते स्वतःचं 'बरं झालं' आठवत राहिलं.

ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, पण वरवर बघणाऱ्यातले नव्हते. त्यांनी हात एकमेकांवर चोळून गरम केले, मगच ठिपकीच्या पोटावर ठेवले. उजवीकडे खाली हळू दाबलं. मग खोल दाबलं. मग हात एकदम उचलला. ठिपकी छताकडे बघत होती.

"इथे दुखलं?"

"नाही."

"अपेंडिक्स असतं तर तिनं मला इथे बोटसुद्धा लावू दिलं नसतं," डॉक्टर आईला म्हणाले. मग त्यांनी डावीकडे हात नेला, आणि ठिपकी अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

"हं. इथे आतड्याचा शेवटचा भाग असतो. शौच साठलंय, त्यावर गॅस धरलाय. दोन दिवसांत शी झाली का हिला?"

फोटोताईला आठवेना. आईला हे माहीत नसावं याची लाज वाटून ती म्हणाली, "नसेल झाली."

"सोनोग्राफीच्या मॅडम सोमवारपर्यंत रजेवर. नाहीतर मनाच्या समाधानासाठी केली असती. हे औषध द्या. दोन चमचे, तासानं परत दोन. पोट साफ झालं की खेळायला लागेल. ताप चढला तर मात्र लगेच या."

घरी येईपर्यंत बारा वाजून गेले. अर्धी रजा टाकून फोटोताई तिच्या उशाशी बसली. औषधाची बाटली उघडेपर्यंत ठिपकीनं पुन्हा ओकारी काढली, म्हणून पोट जरा स्थिरावू दे म्हणत ती थांबली. सासूबाई दर दहा मिनिटांनी येऊन बाटलीकडे बघून जात. ठिपकीचं अंग किंचित कोमट लागत होतं, ताप म्हणावा की नाही ते कळत नव्हतं. डावा पाय ती सरळच करत नव्हती. केला की ओठ दाताखाली धरायची.

"दे की गं ते औषध," तिसऱ्यांदा येऊन सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी काय शोभेला दिलंय?"

"देते हो आई. ओकून टाकेल म्हणून थांबलेय."

"मग बोल तिच्याशी काहीतरी. तुझं तोंड बघूनच पोर घाबरलीय."

ते खरं होतं. फोटोताईनं तोंडावरून पदर फिरवला, चमच्यात औषध ओतलं आणि तो चमचा हातात तसाच धरून ठिपकीजवळ सरकली.

"हे खाली कसं जाणार, सांगू?"

ठिपकीनं मान हलवली. नाही की हो, ते कळलं नाही.

"आधी तोंडात गिरणी. गिरणी दळते, आणि गालातून पाणी सुटतं त्यात पीठ भिजतं. तिथेच घास पचायला लागतो, म्हणून तर आजी म्हणते चावून खा. मग जिभेच्या मागे दोन रस्ते. एक हवेचा, एक घासाचा. हवेच्या रस्त्यावर एक छोटंसं झाकण आहे. घास आला की ते झाकण पटकन मिटतं. कधी तू जेवताना बडबड करतेस, ते झाकण गोंधळतं, आणि मग?"

"ठसका," ठिपकी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"शाबास. मग घास लागला नळीला. तुला वाटेल तो धपकन खाली पडतो. छे! आजीच्या परकरात नाडी कशी ओवतात? पिन पुढे सरकवायची, मागचं कापड गोळा करायचं, परत पुढे सरकवायची. अगदी तश्शी ती नळी घासाला ढकलते. तू उलटी लटकून खाल्लंस तरी घास बरोबर पोटातच जाणार."

"लटकू?"

"बरी झालीस की लटक. मग येतं पोट. म्हणजे जठर. एक पिशवी. तिच्यात इतका आंबट रस असतो की त्यानं जंतू मरतात. पिशवी घासाला घुसळते, घुसळते, पार पातळ करते. आणि ही पिशवी असते इथे," असं म्हणत तिनं ठिपकीच्या डाव्या बरगड्यांखाली बोट टेकवलं, "आणि तिच्या शेजारी इकडे, उजवीकडे, मोठ्ठं यकृत. त्याचा कडू हिरवा रस..."

"तिथे नाहीये."

"काय?"

"पोट तिथे नाहीये." ठिपकीला बोलताना त्रास होत होता, पण आई चुकतेय म्हटल्यावर तिला राहवेना. "सकाळी गार पाणी प्यायलं ना, मग ते इथे गार लागतं. नेहमी इथेच लागतं." आणि तिनं आपली चिमुकली मूठ उजव्या बरगड्यांखाली ठेवली.

"असं नसतं, बाळा. गार वाटतं ते..."

आणि फोटोताई थांबली.

हातातला चमचा तिरका झाला. औषधाचा चिकट ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तरी तिला कळलं नाही. तिला एक खोली दिसत होती. तिचीच, तीन वर्षांपूर्वीची. चार वर्षांची ठिपकी खोकून खोकून निळी पडलेली, आणि डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलेला. पोर यंत्राला बघून किंचाळत होती, म्हणून हिनं स्वतः शिशाचा जड एप्रन घालून तिला धरलं होतं, आणि वॉर्डातल्या मामांनी बटण दाबलं होतं. त्याआधी घाईघाईत हिनंच प्लेटवर शिशाचं छोटं अक्षर चिकटवलं होतं. एल. म्हणजे डावी बाजू. फोटो पडद्यावर आला, आणि त्यात हृदय एका बाजूला होतं नि एल दुसऱ्या बाजूला.

तिनं विचारसुद्धा केला नव्हता. ज्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला हे काम शिकवलं, ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, "घाईत अक्षर चुकीच्या बाजूला लागतं. सगळ्यांचं लागतं. हृदय बघायचं. ते डावीकडे आलं की फोटो सरळ झाला. अक्षर चुकेल, हृदय नाही चुकणार." घाई होती, पोर रडत होती, अक्षर आपणच चुकीचं लावलं. तिनं एक बटण दाबलं. फोटो आरशातल्यासारखा फिरला. कडेचं अक्षर कापून टाकलं, कॉम्प्युटरवरून नवं लावलं, आणि फोटो वर पाठवला. सरळ. स्वच्छ. छातीखाली जठरातल्या हवेचा काळा फुगासुद्धा बरोबर डावीकडे. कुणाला शंका यावी असं त्यात काही उरलंच नव्हतं.

अक्षर चुकलं नसेल तर?

तिनं चमचा खाली टाकला आणि ठिपकीचा सदरा वर केला. डाव्या छातीवर कान ठेवला. कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडे कुणी चालावं तशी बारीक धडधड. मग कान उजवीकडे नेला.

धड. धड. धड. अगदी कानाखाली. तापात घाईघाईनं पळणारं, तिच्याच पोरीचं हृदय.

"आई!" ती ओरडली. सासूबाई धावत आल्या. "आई, हिचं काळीज उजवीकडे आहे."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"हो?"

"अगं, न्हाऊ घालायचे तेव्हा हाताला लागायचंच की. मी म्हटलंही होतं एकदा. तू म्हणालीस, आई, असं नसतं, मी रोज फोटो बघते. मग मी कशाला बोलू? तुम्ही शिकलेल्या."

त्या टोमण्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. तिच्या डोक्यात सगळं भराभर फिरत होतं. हृदय उजवीकडे. जठर उजवीकडे. म्हणजे यकृत डावीकडे. म्हणजे सगळंच आरशातलं. अशी माणसं असतात, लाखात दहा-पंधरा, तिनं पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे डॉक्टर ज्याला आतड्याचं शेवटचं टोक समजले, ते टोक नाही, सुरुवात आहे. आणि त्या सुरुवातीला ती शेपटी आहे. ठिपकीचा हात जिथे आहे, बरोबर तिथे.

आणि आतड्याला जोर करायला लावणारं औषध आपण चमच्यात घेऊन बसलो होतो. सुजलेल्या, ताणलेल्या आतड्याला. त्या विचारासरशी ती उठली.

"बाटली ओतून द्या मोरीत. नको, घ्या बरोबर. पाणीही देऊ नका. चला."

शेजारच्या शिंप्यानं दुकानाचं शटर तसंच अर्धं सोडून स्कूटर काढली. मधे ठिपकी, मागे फोटोताई. सासूबाई बाटली घेऊन चालतच मागून निघाल्या. प्रत्येक खड्ड्याला ठिपकी तिच्या दंडात नखं रुतवत होती. मग एका वळणावर तिनं नखं काढली आणि म्हणाली, "आता कमी दुखतंय, आई."

शिंपी म्हणाला, "बघा, हवा लागली की बरं वाटतं."

फोटोताईला माहीत होतं. कधीकधी दुखणं एकदम कमी होतं ते फुटल्यावर.

"हळू नका हो जाऊ," ती म्हणाली. "पळवा."

डॉक्टर जेवायला बसायच्या बेतात होते. त्यांनी डबा मिटला नाही, नुसतं बघितलं. एका दमात तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर ठिपकीची जुनी फाइल उघडली. फोटो समोर आला.

"ताई, हे बघा. तीन वर्षांपूर्वीचा फोटो. हृदय डावीकडे. तुम्हीच काढलाय, खाली तुमचंच नाव आहे. तुम्ही घाबरला आहात."

तिचंच काम तिच्या विरुद्ध साक्ष देत होतं. अशा वेळी बाई पाय आपटते, रडते, ओरडते. तिला त्यातलं काही सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो मी फिरवलाय."

"म्हणजे?"

"अक्षर दुसऱ्या बाजूला होतं. मला वाटलं मी चुकले. म्हणून मी फोटो फिरवला, अक्षर कापलं, नवं लावलं. कुणाला सांगितलं नाही. आम्ही कधीच सांगत नाही. नोकरी घ्या माझी. पण एकदा तिच्या उजवीकडे कान लावा."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. त्यांनी गळ्यातलं स्टेथोस्कोप काढलं. डावीकडे ऐकलं. मग उजवीकडे ऐकलं. मग, जणू आपलाच कान खोटं बोलतोय, नळ्या काढून पुन्हा घातल्या आणि पुन्हा ऐकलं. सकाळसारखे हात चोळून गरम करायलाही ते या वेळी थांबले नाहीत.

"फोटो काढा. छाती आणि पोट, दोन्ही. अक्षर मी लावतो."

एक्स-रेच्या खोलीत मामांनी ठिपकीला अलगद टेबलावर ठेवलं. मामा इस्पितळात फोटोताईच्याही आधीपासून होते. तीन वर्षांपूर्वी बटण त्यांनीच दाबलं होतं.

"ताई, तेव्हा मी म्हणालो होतो का काही?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही मामा. तुम्ही काय म्हणणार होतात?"

"नाही, म्हणजे, मला आपलं वाटतंय, म्हणायला हवं होतं."

डॉक्टरांनी ठिपकीचा डावा हात स्वतः धरून बघितला, जणू डावा कुठला हेही आता तपासायला हवं, आणि त्या बाजूला एल चिकटवला. फोटोताईनं बटण दाबलं. पडदा उजळला.

उजवीकडे हृदय. त्याच्या खाली, उजव्याच बाजूला, जठरातल्या हवेचा काळा फुगा. डावीकडे यकृताची पांढरी भरीव सावली. आणि तिच्या खाली डाव्या कोपऱ्यात आतड्याची वेटोळी हवेनं ताठ फुगून, काहीतरी घाबरून एकत्र गोळा व्हावं तशी बसलेली.

आणि तिचा अंगठा उठला. बारा वर्षांची सवय. चुकीचा फोटो दिसला की अंगठा आपोआप त्या बटणाकडे जायचा. तिनं तो बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग मूठ मिटून तो आत दाबून धरला.

"असाच पाठवते," ती म्हणाली.

सर्जनबाई अर्ध्या तासात आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला तिखट. फोटो बघून त्यांनी शीळ घातली.

"तीस वर्षं उजवीकडे उभी राहून कापतेय. आज टेबलाची बाजू बदलायची म्हणा." मग आईकडे वळल्या. "औषध किती दिलंत?"

"एक थेंब नाही."

"देवाला नाही, स्वतःलाच नमस्कार करा. आणि फुटलंय का, विचारू नका. उघडल्याशिवाय मला कळत नाही. तुम्हाला तर मुळीच नाही."

ठिपकीला आत नेलं तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. खिडकीतून ऊन सरळ बाकावर पडत होतं आणि सासूबाई त्या उन्हातच बसून होत्या, सरकायचं त्यांना सुचलं नाही. त्या दीड तासात एकदा सासूबाईंनी सुनेचा हात हातात घेतला. कोपरापर्यंत वाळलेलं चिकट औषध लागल्यावर पदराला थुंकी लावून तो पुसत बसल्या, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

सर्जनबाई बाहेर आल्या. "टोक काळं पडलं होतं. पाझरायला लागलं होतं, सगळं फुटलं नव्हतं. आतून धुऊन काढलंय. अजून तासभर उशीर झाला असता तर आपण हे वेगळ्या आवाजात बोललो असतो."

फोटोताईनं मान हलवली.

पण भीतीचा खरा मुक्काम त्यानंतर होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोटात हात घातला की आतडी रुसतात. काम थांबवतात. नाडी ओवणं बंद. हात लावला म्हणून लाजाळूनं मिटावं तशी ती मिटून बसतात, आणि पुन्हा कधी उलगडतील ते त्यांचं ती ठरवतात. तोवर पोटात पाण्याचा थेंबही चालत नाही. ठिपकीच्या नाकातून एक नळी पोटात सोडली होती, तिच्यातून हिरवट पाणी येत होतं. हाताला सलाईन. ओठ फुटलेले. सर्जनबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटून उभ्या राहायच्या. मग डोळे उघडून म्हणायच्या, "गप्प आहे अजून."

पहिला दिवस गप्प. दुसरा दिवस गप्प.

दुसऱ्या दिवशी ठिपकीला झोप लागली तशी फोटोताई खाली आपल्या खोलीत गेली आणि जुने फोटो काढून बसली. ज्यांच्यावर शिशाच्या अक्षराऐवजी कॉम्प्युटरचं अक्षर होतं, तेवढे वेगळे काढले. ठिपकीचा सोडून एकोणीस निघाले. त्यातले अठरा बहुधा खरोखरच घाईतल्या चुका असतील. कदाचित एकोणीसही. पण चुकून लागलेलं अक्षर कुठलं आणि खरं कुठलं, ते आता फोटो सांगणार नव्हते. तिनं यादी केली, खाली 'हे मी फिरवले' असं लिहून सही केली आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी यादी खालच्या सहीपर्यंत वाचली. "आधी मुलीला घरी न्या. मग या माणसांना फोन करायला तुम्हीच बसा," ते म्हणाले. काय शिक्षा होईल ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर्जनबाई नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. ठिपकीचं पोट जरा फुगल्यासारखं दिसत होतं. त्यांनी त्यावर दोन बोटं वाजवली. बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर पुन्हा आत बघावं लागेल. कधीकधी आतडी एकमेकांना चिकटतात."

पुन्हा आत. फोटोताई कॉटजवळ येऊन बसली. ठिपकी तिच्याकडे टक लावून बघत होती.

"आई, मी आता कधीच जेवणार नाही का?"

"जेवशील की."

"खोटं बोलतेस. तू खोटं बोलताना नाक ओढतेस."

फोटोताईनं नाक ओढलं आणि मग तिला काय करावं कळेना. तिनं हात चोळून गरम केला आणि नातवंडाच्या पाठीवरून आजीनं फिरवावा तसा पोरीच्या पाठीवरून फिरवत राहिली. पाठीवरून, कारण पोटाला हात लावायची तिची छाती होत नव्हती. सासूबाई पलीकडे बसून ठिपकीचे तळपाय चोळत होत्या. ऊन खिडकीतून जमिनीवर आलं, जमिनीवरून कॉटच्या पायाशी गेलं. वॉर्डातल्या बायका आपापसात कुजबुजत होत्या. जेवणाच्या गाड्या आल्या नि गेल्या. वास येऊ नये म्हणून सासूबाईंनी पदराचा पंखा केला.

तीन वाजता ठिपकी कण्हली. "आई, काहीतरी होतंय."

"कुठे?" फोटोताई उठून उभी राहिली. "दुखतंय? कुठे दुखतंय?"

"आत. फिरतंय. आई, मला..."

आणि वॉर्डाच्या त्या शांततेत, स्वच्छ, लांबलचक, कुणाचीही भीडभाड न बाळगता, ठिपकी पादली.

ठिपकीचा चेहरा लाल झाला. समोरच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, "अगंबाई, केवढीशी पोर आणि केवढा तो आवाज!" आणि सासूबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, पाठ थरथरत, आणि हसता हसता त्या रडतायत की काय ते कळेना. नर्स धावत आली. "कोण? हिनं? नक्की?" आणि परत धावत गेली, सर्जनबाईंना बोलवायला.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. या वेळी मधेच एक डोळा उघडून ठिपकीकडे बघितलं. "आत अगदी बाजार भरलाय गं तुझ्या. एवढा वेळ काय झोपा काढत होतीस?" मग नर्सला म्हणाल्या, "नळी काढा. दोन चमचे पाणी द्या. राहिलं तर तासानं अजून दोन."

पाणी राहिलं.

संध्याकाळी बोटीवरचा फोन लागला. तीन दिवस तो लागत नव्हता, आणि लागला की मधेच तुटत होता; 'ऑपरेशन' एवढाच शब्द पलीकडे पोचला होता. पलीकडून वाऱ्याचा घों घों आवाज येत होता. "हॅलो," एवढं म्हणून ठिपकीचे बाबा गप्प झाले. पुढे विचारायचं त्यांना धाडस होत नव्हतं. आणि इकडे फोटोताई बोलायला गेली की तिचे ओठ वाकडे व्हायचे.

ठिपकीनं हात लांब केला. "दे इकडे."

तिनं फोन कानाला लावला. वॉर्डाकडे एकदा बघितलं, कोण ऐकतंय ते. मग फोनभोवती ओंजळ धरून कुजबुजली, "बाबा, मी पादले. सगळे खूश झालेत."

पलीकडे वाऱ्याच्या आवाजात आणखी कसलासा आवाज मिसळला. मग ठिपकीनं फोन कानापासून लांब धरला आणि आईला म्हणाली, "बाबा रडतायत. का गं?"